भरल्या गाडीचं गाणं

९ फेब्रुवारी

प्रिय खिडकी,

टेपच्या बटणाला हात लावायचा हक्क ज्यांना अख्ख्या बालपणात एकदाही मिळाला नाही, त्या तुझ्या-माझ्या वतीने हे पत्र लिहिते आहे. या संघटनेचे सभासद दोनच, त्यामुळे गणपूर्तीची अडचण नाही. तक्रारही तुला पाठ आहे. सुट्टी लागली की बाबा आपल्याला काचा पोचवायच्या गाडीत पुढे बसवायचे. मी मधे, तू खिडकीशी, मागे लाकडी घोडीवर उभ्या बांधलेल्या काचा, आणि दिवसभर त्यांना हवं ते गाणं. भूक लागली म्हणून सांगायची मुभा होती, गाडी थांबवा म्हणायची मुभा होती. गाणं बदला म्हणायची नव्हती. "चालवणारा लावेल ते वाजेल." जगातल्या बऱ्याच हुकूमशाह्यांवर मी व्यासपीठावरून तोंडसुख घेतलं आहे, पण पहिली हुकूमशाही पाहिली ती त्या सीटवर.

आता मुद्दा. बाबा बरे आहेत. हे वाक्य सगळ्यात आधी लिही असं आईने बजावलं होतं. मी सवयीने प्रास्ताविक आधी करून बसले.

आईने तुला फोनवर सांगितलं की बाबांची तपासणी झाली. ती तपासणी नव्हती. डोक्यात गाठ होती, ती काढली. काढून झाल्यावर तिचं काय निघतंय याची वाट बघण्यात आठवडा गेला. त्या आठवड्याबद्दल मी लिहिणार नाही. काल डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, गाठ साधी आहे.

"साधी म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे आता विसरून जा."

आई बाकावर बसली, पिशवीतून डबा काढला आणि सगळा संपवला. माझ्या वाटणीचाही. मग झाकण लावत म्हणाली, "मीठ कमी पडलं." आठवडाभरात अन्नाला नावं ठेवणारं तिचं हे पहिलंच वाक्य. मला एवढा आनंद झाला की जिन्यात जाऊन रडून आले.

तुला आधी कळवलं नाही हा निर्णय ना बाबांचा, ना आईचा. माझा. दहाव्या मजल्यावर दोराला लटकून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या अंगावर अर्धवट बातमी फेकायची नाही असं मी ठरवलं. चिडायचं असेल तर माझ्यावर चीड. बाबांचा त्यात काही संबंध नाही. त्यांच्याशी तू चौदा वर्षं बोलत नाहीस, त्यात माझी भर नको.

एवढंच राहिलंय की त्यांचे पाय चालायचं विसरलेत. ताकद आहे. पण पाऊल उचलायच्या वेळी तळवे जमिनीला चिकटल्यासारखे होतात, दाराच्या उंबऱ्यापाशी तर हमखास. येईल म्हणतात हळूहळू. तू यायला हवं असं मी म्हणत नाही.

तुझी,
भोंगा


१७ फेब्रुवारी

प्रिय खिडकी,

तुझं उत्तर आलं. "बरं वाटलं. चिडलोय. मी लिहिलं हे त्यांना सांगू नकोस." तीन वाक्यं. मी तीन वाक्यांत सभेला नमस्कारही करत नाही.

सांगितलं नाही. फक्त फोन त्यांच्या पलंगावर उघडा ठेवून चहा आणायला गेले. आले तेव्हा फोन जागच्या जागी होता, पण बाबांचा चष्मा डोळ्यांवर होता. वाचायला तर हातात काहीच नव्हतं.

आता ऐक. इथे व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई आहेत, तरुण, पण आवाजात जरब. त्यांच्याकडे टकटक करणारी एक डबी आहे. टक म्हटलं की डावा, टक म्हटलं की उजवा. बाबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "सुतार बोलावलाय का?"

बाई हसल्या नाहीत. "काका, मग गाणं येतं का एखादं?"

आई खुर्चीतून म्हणाली, "येतं का काय विचारता? माझे कान कामातून गेलेत."

बाबांनी पुलाचं गाणं धरलं. तुला आठवत असणार. संध्याकाळी सगळ्या काचा उतरवून परत निघालो की लांब पुलावर ते लागायचं. कठड्याचे खांब सटासट मागे जायचे आणि तू हात बाहेर काढून ओरडा खायचास. गाण्याबरोबर बाबांचे पाय खरंच सुटले. इतके सुटले की तिसऱ्या पावलाला ते पुढे कलंडले. बाईंनी पट्टा धरला म्हणून बरं.

बाबा श्वास घेत म्हणाले, "चुकलं. हे रिकाम्या गाडीचं. भरल्या गाडीचं घ्यायला पाहिजे."

आणि त्यांनी कुठलं गाणं धरलं असेल? आपलं रडकं. ते संथ, नाकात गायलेलं, दिवसातून दहादा वाजणारं, ज्याच्यासाठी आपण टेप गाडीखाली टाकायचा कट केला होता. त्या गाण्यावर बाबा कपड्यांच्या खोलीपर्यंत गेले, वळले आणि परत आले. उंबऱ्यापाशी अडखळले नाहीत. मी मागे खुर्ची ढकलत चालत होते आणि मला राग येत होता. हा माणूस मरणाच्या दारातून परत येतो आणि सोबत घेऊन येतो काय, तर रडकं.

संध्याकाळी मी विचारलं. ते म्हणाले, "काच भरलेली असली की वेगाच्या काट्याकडे बघायला फुरसत नसते. डोळे खड्ड्यावर, एक कान मागे, कुठं काही वाजतंय का त्याच्यावर. मग पायाला सांगणार कोण? गाणं सांगतं. त्या गाण्यात पाय जास्त दाबलाच जात नाही. रिकामी असली की पुलाचं. गल्ल्यांमधून शिट्टीचं. घाटात त्या दोघी बायका गातात ते."

"हे आम्हाला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही काय गाडी चालवणार होतात?"

म्हणजे बघ. आपण ज्याला आवड समजत होतो ते अवजार होतं. हातोडी कुणाला आवडते म्हणून कोणी वापरत नाही. आपली तक्रार अंशतः फेटाळली गेली असं समज. पूर्ण नाही, कारण दिवसातून दहादा जरा जास्तच होतं.

माझं मत तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते. गाण्यावर विद्वानांनी लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं. चाल कुणाची, शब्द कुणाचे, श्रेष्ठ कोण, कनिष्ठ कोण. हे सगळे लोक गाणं खोलीत बसून ऐकतात. पण गाणं ज्या रस्त्यावर पहिल्यांदा अंगात शिरतं त्या रस्त्याचं होतं, आणि मग ते गाणाऱ्यालाही परत मिळत नाही. पुरावा देते. दोन वर्षांपूर्वी भाडेकरूंच्या अधिवेशनासाठी मी परक्या शहरात गेले होते. टॅक्सीत बसले, भाषणाचे मुद्दे मनात घोळवत होते, आणि चालकाच्या रेडिओवर रडकं लागलं. माझे दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटले, तळहात मांडीवर उताणे झाले. लहान काचा आपल्या मांडीवर द्यायचे ना, कागदात गुंडाळून? तसे. मांडीवर काही नव्हतं, आणि मी त्या बिचाऱ्याला म्हणाले, "जरा हळू घ्या." तो म्हणाला, "बाई, सिग्नलला उभे आहोत."

इथल्या मुख्य नर्सबाईंनी वॉर्डात गाणं बंद करायला सांगितलं. मी उभी राहिले. रुग्ण म्हणजे पलंगाचा क्रमांक नव्हे इथपासून सुरुवात केली. रंगात येत होते तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "भोंगा, खाली बस." नर्सबाई हसल्या आणि आम्हाला मागचा बोळ मिळाला. माझ्या भाषणाने काय झालं असतं ते आता कळणार नाही.

तुझी,
ताई


२६ फेब्रुवारी

प्रिय खिडकी,

"त्या दिवशी गाडी रिकामी होती, ताई."

एवढंच लिहिलंस. मी ते दिवसभर घेऊन फिरले. भाडेकरूंच्या बैठकीत एकाने विचारलं, आज अध्यक्षांचा आवाज का बसलाय.

आपण त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. मी मधे बसले होते, तरीही नाही. म्हणून एकदा लिहून काढते. चुकलं तर दुरुस्त कर. सकाळची ट्रेन. दुसऱ्या दिवशी तुझी मुलाखत, जहाजांच्या कारखान्यात, ज्याच्यासाठी तू वर्षभर घासत होतास. मागे काच नव्हती. घोडीला टेकवून फक्त तुझी पेटी. बाबांनी निघतानाच रडकं लावलं आणि तेच लावत राहिले. सायकलवाले आपल्याला मागे टाकून गेले. तू घड्याळ बघत होतास, मग बाबांकडे, मग घड्याळ. आपण फलाटावर पोचलो तेव्हा ट्रेनचा शेवटचा डबा निघून चालला होता. तू म्हणालास, "तुम्हाला मी जायलाच नको होतो." बाबांनी पेटी उचलली आणि गाडीत ठेवली. महिन्याभराने तू ती पेटी घेऊन निघालास तेव्हा कुणालाच सोडायला येऊ दिलं नाहीस.

तुझा आरोप सरळ आहे. रडकं जर भरल्या गाडीचं, तर रिकाम्या गाडीत लावलं कशाला? मुद्दाम. आणि मी हे मान्य करते की गेल्या पत्रातला माझा सगळा पुरावा तुझ्याच बाजूने पडला.

म्हणून काल विचारलं. बोळाच्या टोकाला ऊन येतं, तिथे ते बसले होते. आई शेजारी शाल घेऊन. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी स्टेशनला जाताना गाडी रिकामी होती."

कुठल्या दिवशी हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "रिकामी कुठे? पोरगा होता की."

आईने शाल त्यांच्या खांद्यावर नीट केली. ती आधीच नीट होती.

मी विरघळले असते. पण मी तुझी वकील होते. म्हटलं, "हे छान आहे. पण त्याची ट्रेन चुकली."

"मला काय कळत नव्हतं? वेळेआधी अर्धा तास पोचायच्या हिशेबाने निघालो होतो. टेपकडे हात गेला तो आपोआप गेला, मी काही ठरवलं नव्हतं. पूल आल्यावर दुकानावरचं घड्याळ बघितलं. म्हटलं मेलो. पाय दाबायला गेलो तर दाबेना. तुला खोटं वाटेल."

मला खोटं वाटलं नाही. मी सिग्नलला उभ्या टॅक्सीत 'हळू घ्या' म्हणालेली बाई आहे.

"मग गाणं बंद करायचं ना, बाबा."

"सुचलं असतं तर केलं असतं. तुम्ही दोघं शेजारी दगडासारखे बसलेलात. तू का नाही बंद केलंस?"

"आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती."

मग त्यांना हसू आलं. आधी नाकातून, मग सगळं अंग हलायला लागलं, डोळ्यांतून पाणी. टाके ओढले जातात म्हणून आई ओरडत होती आणि स्वतःही हसत होती. "एक बटण," बाबा म्हणत होते, "तिघंजण बसलेत समोर आणि एक बटण." व्यायामाच्या बाई काय झालं म्हणून धावत आल्या. त्यांना काय सांगणार?

शांत झाल्यावर मी विचारलं, "त्याला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? ट्रेन गेली कारण पाय ऐकेना? मला असं कोणी सांगितलं असतं तर मलाच राग आला असता. त्यापेक्षा तो म्हणतो तसं असू दे म्हटलं. निदान त्याला कारण तरी मिळालं."

मी तुला पटवत नाही, खिडकी. मी आयुष्यभर लोकांना पटवलं. ते काम मला येतं, आणि म्हणूनच इथे करणार नाही. ऐकलं तसं लिहिलं. तुझं एक वर्ष वाया गेलं ते गेलं. त्याचं उत्तर 'पोरगा होता की' हे नाही, आणि तू तसं म्हणालास तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन. पण ते मुद्दाम नव्हतं. एवढी एक गोष्ट माझ्या छातीवरून उतरली. तुझ्याही उतरावी.

ताई


८ मार्च

प्रिय खिडकी,

आठ दिवस तू काही लिहिलं नाहीस. आई म्हणाली, विचारू नकोस, त्याला चघळू दे. मी विचारलं नाही, आणि हा माझ्या सार्वजनिक जीवनातला सर्वात मोठा संयम आहे. काल तुझं आलं.

"रजा मिळाली. तिकीट काढलं. तेविसाव्या तारखेला पोचतो. ते कपाटावर ठेवलेलं भांडण काढायचं नाहीये मला. पण ताई, समोर बसल्यावर बोलायचं काय?"

मी आईला वाचून दाखवलं. तिने तुझ्या खोलीतलं सामान हलवायला घेतलं, म्हणजे ती रडत होती. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते मी सांगणार नाही.

आज बाबा घरी आले. जिना स्वतः चढले, कठड्याला धरून, गाणं न म्हणता. वरच्या पायरीवर थांबून म्हणाले, "रंग कधी काढला दाराचा?" दार तीन वर्षांपासून तसंच आहे. पण बघायला फुरसत कधी होती?

निघण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी त्यांची परीक्षा घेतली. आजचा वार, बायकोचं नाव, शंभरातून सात वजा. सगळं बरोबर. मग विचारलं, "इथून घरी कसं जाल?" एवढी वर्षं या शहरात काच पोचवणारा माणूस, आणि एकाही रस्त्याचं नाव आठवेना. तोंड उघडायचे, मिटायचे. मग ते म्हणाले, "फाटकातून निघालं की शिट्टीचं. ते अर्धं झालं की डावीकडे. शिट्टीचं संपतं तिथे बेकरी. मग रडकं, पूर्ण, कारण पुढे खोदलंय. मग पुलाचं."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पेन उचललं.

मी म्हटलं, "थांबा. बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"सगळं. अर्धं गाणं म्हणजे दवाखान्यापासून चौक. बेकरी तिथेच आहे. खोदलेलंही आहे. फक्त पुलापर्यंत यांची गाडी भरलेली आहे असं धरा."

मग मी त्यांना समजावून सांगितलं, यावेळी लहान आवाजात. त्यांनी पेन खाली ठेवलं. रस्त्यांची नावं परत येतील म्हणाल्या, कदाचित काही येणार नाहीत. बाबांनी मान हलवली. नावांची त्यांना कधी फारशी गरज नव्हती असं दिसलं. टॅक्सीत बसून घरी येताना मी डोळे मिटून मनातल्या मनात ती गाणी म्हणून पाहिली. बेकरीचा वास शिट्टीच्या शेवटच्या ओळीवर आला.

आता तुझा प्रश्न. बोलायचं काय. मी भाषणं करते, म्हणून माझ्याकडून तुला एखादं भाषण हवं असेल. देणार नाही. स्टेशन काढू नकोस. माफी मागू नकोस, मागायला लावू नकोस. फोन करून तब्येत विचारलीस तर ते "ठीक" म्हणतील आणि फोन आईकडे देतील, आणि चौदा वर्षांनंतर तुम्ही दोघं पुन्हा तिथेच.

हा माणूस आयुष्यात एकाच विषयावर मोकळेपणाने बोलला आहे: कुठून कुठे कसं जायचं. पाहुणे निघाले की दारात चप्पल घालेपर्यंत त्यांना रस्ता सांगायचा. आज त्यांच्याकडे नावं नाहीत. दुसरा कुणी विचारेल तर ते लाजतील, "टॅक्सीवाल्याला विचारा" म्हणतील. पण विमानतळापासून आपल्या घरापर्यंतच्या प्रत्येक वळणावर कुठलं गाणं होतं, हे जगात तीनच माणसांना माहीत आहे. त्यातला एक सांगू शकतो, आणि एकाला यायचंय.

दुपारी जेवण झाल्यावर ते खिडकीशी बसतात, जागे. मी त्यांचा फोन चार्ज करून हाताशी ठेवला आहे. आईच्या फोनवर नको, त्यांच्या फोनवर. उद्याच. "मी येतोय" म्हण, आणि त्यांना विचार की विमानतळावरून घरी कसं यायचं.

ताई